रश्श्यातला गोळा फुटत का नाही?

आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात आणि खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा हा बेत जमतो, तो गोळे अखंड राहिले तरच. इटलीतल्या गोळ्यांच्या सुपालाही हीच अट लागू होते. गोळा पाण्यात विस्कटत का नाही?

खिमा मीठ घालून मळला की स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन सुटे होते आणि खिमा चिकट बनतो. सुमारे ५० अंश सेल्सिअसपासून हे प्रथिन, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याप्रमाणे, गोठू लागते. त्याची जाळी खिम्याचे कण बांधून ठेवते. म्हणून गोळे कढत रश्श्यातच सोडावेत. पण रस्सा खळखळू देऊ नये. जादा उष्णतेने जाळी आकसते, पाणी बाहेर पडते आणि गोळा चिवट होतो. इटलीत दुधात भिजवलेला पाव, तर आपल्याकडे डाळ्याचे पीठ हे पाणी धरून ठेवते.

अखंड मांसात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे गोळ्याचा मध्यही ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे. गोळे सुपारीएवढे केल्यास उष्णता तिथे लवकर पोहोचते.

करून पाहा : एक गोळा मीठ घालून मळलेला, दुसरा बिनमिठाचा व न मळलेला. दोन्ही मंद उकळत्या पाण्यात सोडा. आधी कोणता विस्कटेल, याचा अंदाज मुलांना अगोदरच लिहून ठेवायला सांगा.