ताब्याचा करार लिहिताना

विभक्त झालेल्या आईवडिलांमधल्या ताब्याच्या करारात मूल कोणाकडे राहणार, दुसऱ्या पालकाला ते कधी भेटणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार हे ठरते. वकिलांच्या भाषेत या 'कन्सेन्ट टर्म्स', म्हणजे संमतीच्या अटी. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद (कलम १३ ब) आली. आज असे बहुतेक करार या घटस्फोटाच्या अर्जाबरोबरच सादर होतात. दोन टप्प्यांमधला सहा महिन्यांचा थांबा न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. त्यासाठी घातलेल्या अटींपैकी एक अशी, की पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर दोघांमध्ये खरोखरीची तडजोड झालेली असावी. त्यामुळे पुष्कळदा करार घाईत उरकला जातो. मुलाचे मुद्दे दोन-तीन ओळींत गुंडाळले जातात आणि दागिने, फ्लॅट, कर्जाचे हप्ते यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. पुढची भांडणे मात्र त्या दोन-तीन ओळींवरूनच होतात.

ताबा आणि पालकत्व या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा म्हणजे मुलाचे रोजचे राहणे आणि सांभाळ. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा, कागदपत्रांवर सही करण्याचा अधिकार. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा होत नाही, असे ठरवले. वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आई नैसर्गिक पालक ठरते. याच कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. तरी 'सर्वसाधारणपणे' या शब्दाने अपवादाला जागा ठेवलेली आहे. विशेष विवाह कायदा, पारशी विवाह कायदा आणि ख्रिस्ती घटस्फोट कायदा यांत ताब्याच्या आपापल्या तरतुदी आहेत. मुस्लिम कायद्यात आईच्या ताब्याच्या हक्काला हिजानत म्हणतात. १८९० चा पालक व पाल्य कायदा मात्र सर्व धर्मीयांना लागू होतो आणि निकालाची कसोटी सगळीकडे एकच राहते, ती म्हणजे मुलाचे हित.

या कसोटीमुळेच आईवडिलांचे एकमत झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. मुद्रांक कागदावर सह्या करून नोटरी केलेला करार न्यायालयाला बांधून घेत नाही. करारातल्या व्यवस्थेने मुलाचे नुकसान होते असे दिसले, तर न्यायाधीश ती नाकारू शकतात. मूल आपली पसंती समजून सांगण्याइतके मोठे असेल, तर १८९० च्या कायद्यानुसार तीही विचारात घेता येते. करार अर्जासोबत दाखल होऊन न्यायालयाच्या आदेशाचा भाग झाला, की मगच त्याची अंमलबजावणी मागता येते. केवळ विश्वासावर कपाटात ठेवलेला कागद पहिल्या मोठ्या वादात निरुपयोगी ठरतो, म्हणून ही पायरी टाळू नये.

मसुदा बनवण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात मदत मिळते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. ते दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलतात, गरज पडली तर मुलाशीही. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशन या संस्थेने भेट आणि ताबा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यांच्या जोडीला पालकत्वाच्या आराखड्याचा नमुना तयार केला आहे. विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात मध्यस्थी, संयुक्त ताबा आणि असे आराखडे यांची शिफारस केली. आजी-आजोबांच्या भेटीचा विचारही त्या अहवालात आहे. आपल्याकडे कितीतरी मुले आजीच्या हाताखाली वाढतात, तेव्हा ही शिफारस किरकोळ समजू नये.

घरात मारहाण किंवा दहशत असेल, तर समोरासमोर बसून तडजोड करण्याचा आग्रह धरणे चुकीचे आहे. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि प्रतिवादीची भेट मुलाला अपायकारक वाटली तर ती नाकारू शकतात. अशा प्रकरणांत आधी संरक्षणाचा आदेश घ्यावा. भेटी झाल्याच, तर त्या न्यायालयाच्या आवारात किंवा तटस्थ व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हाव्यात.

कराराचा गाभा वेळापत्रक हाच असतो, आणि सर्वाधिक हयगय तिथेच होते. 'वडिलांना वाजवी वेळी भेटता येईल', 'दोघांच्या सोयीने भेट ठरेल' अशी वाक्ये समजूतदार वाटतात. प्रत्यक्षात सोय कोणाची आणि वाजवी म्हणजे किती, यावर महिन्याभरात खटके उडू लागतात. त्याऐवजी महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, असे लिहावे. मुलाला कोण आणणार, कोण सोडणार, कुठून घ्यायचे, उशीर झाला तर किती वेळ थांबायचे, मूल आजारी पडले तर बुडालेला दिवस केव्हा भरून द्यायचा, हे सारे कागदावर यावे. देवाणघेवाण शाळेत किंवा आजोळी ठेवली, तर दारातले वाद मुलाच्या कानांवर पडत नाहीत.

सुट्ट्या आणि सण वेगळे लिहावे लागतात. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटता येते. दिवाळीचे तसे होत नाही. लक्ष्मीपूजन एका घरी आणि भाऊबीज दुसऱ्या घरी, किंवा एक वर्ष इकडे आणि पुढचे वर्ष तिकडे, असे ठरवावे लागते. गौरी-गणपतीला कोकणातल्या गावी जाण्याची रीत असेल, तर प्रवासाचे दिवसही मोजावे लागतात, कारण तेवढ्यात शाळा उघडते. वाढदिवस, शाळेचे गॅदरिंग, कुलाचार, मुंज, घरातली लग्ने या प्रसंगी दोघांनी हजर राहायचे की नाही, हे आधी ठरले नसेल तर मूल मांडवात दोन्हीकडच्या माणसांचे चेहरे वाचत बसते.

वेळापत्रक वयाप्रमाणे बदलले पाहिजे. तान्ह्या बाळाला थोड्या वेळाच्या पण वारंवार भेटी हव्यात, कारण आठवड्याचा खंड त्याच्यासाठी फार मोठा असतो. शाळकरी मुलाला शनिवार-रविवार मानवतात. आठवी-नववीनंतर क्लास, खेळ आणि मित्र यांच्यामुळे त्याच्याच दिवसाला आकार येतो, आणि दहावीच्या वर्षी जुने वेळापत्रक हट्टाने चालवणे म्हणजे त्याच्या अभ्यासावर घाला. पाचवी, आठवी आणि दहावी या टप्प्यांवर फेरविचार करावा असे कलम करारातच घालणे शहाणपणाचे.

फोनचा वेळही लिहून ठेवावा. प्रत्यक्ष भेट शक्य नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले. आईवडील वेगवेगळ्या शहरांत किंवा देशांत असतील, तर व्हिडिओ कॉलमुळे हे सहज जमते. मात्र फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसणे किंवा मुलाकडून दुसऱ्या घरातली खबर काढून घेणे होणार नाही, हेही करारात नोंदवता येते. मुलाच्या देखत दुसऱ्या पालकाची निंदा करणार नाही, ही अट तर प्रत्येक करारात असावी.

निर्णयांचे दोन भाग करावेत. रोजचे जेवण, झोप, गृहपाठ ज्या घरी मूल असेल त्या घराने ठरवावे. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, धर्मसंस्कार आणि पासपोर्ट यांसाठी मात्र दोघांची संमती ठेवावी. अल्पवयीनाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणून हा मुद्दा ऐनवेळी अडतो. शाळेच्या दाखल्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांचीही नावे असावीत.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. निर्वाहखर्च हा मुलाचा हक्क आहे आणि आई किंवा वडील तो परस्पर सोडून देऊ शकत नाहीत. 'मुलाचा खर्च मागणार नाही' असे लिहून दिले तरी मुलाचा दावा संपत नाही. २०२० पासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक केले आहे, त्यामुळे आकडा अंदाजपंचे ठरत नाही. फी, बस, क्लास, औषधे, विमा यांचा हिशेब मांडून रक्कम, तारीख, बँक खाते आणि दरवर्षीची वाढ लिहावी. पैसे थकले म्हणून भेट रोखायची, किंवा भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवायचे, हा प्रकार सर्रास चालतो आणि तो मुलावर उघड अन्याय आहे. दोन्ही जबाबदाऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, असे करारात स्पष्ट म्हणावे.

परदेशाचा मुद्दा आज अनेक मराठी घरांत येतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे एका पालकाने मूल देशाबाहेर नेले किंवा इकडे आणून ठेवले, तर परत पाठवण्याची आपोआप चालणारी व्यवस्था नाही, आणि भारतीय न्यायालये प्रत्येक वेळी मुलाचे हित नव्याने तपासतात. स्थलांतराची पूर्वसूचना किती दिवस आधी द्यायची, पासपोर्ट कोणाकडे राहणार, परतीचे तिकीट कोण काढणार हे म्हणूनच करारात हवे. जमल्यास त्या देशातल्या न्यायालयाकडूनही त्याच आशयाचा आदेश घेऊन ठेवावा.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार परिस्थिती बदलली की न्यायालय तो बदलू किंवा रद्द करू शकते. बदली, पुनर्विवाह, आजारपण किंवा मुलाची बदललेली इच्छा ही त्यासाठी कारणे होऊ शकतात. आदेश मोडला गेला, तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो आणि गंभीर प्रकरणांत अवमानाची कारवाईही होते. मूल अठरा वर्षांचे झाले की ताब्याचा प्रश्न संपतो. हिंदू कायद्यानुसार अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर तिचा निर्वाहाचा हक्क मात्र त्यानंतरही कायम राहतो.