नरडाण्याच्या छपरांची नोंदवही

खान्देशातल्या जुन्या गावांत घर म्हणजे धाबे असे. लाकडाच्या कड्या, त्यांवर काटक्या-फळ्या आणि वर खाऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढवायची. लाकूड महाग झाले, माती वाहणारे हात कमी झाले आणि धाब्याची जागा पत्र्याने घेतली. लोखंडी पत्रा इथल्या उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, पावसात गंजतो. नागमोडी घड्यांचा करडा सिमेंटचा पत्रा त्यामानाने कमी तापतो, गंजत नाही, पावसाचा आवाज कमी करतो आणि गरिबाला परवडतो. लोकांनी तो निवडला यात अज्ञान नव्हते, हिशेब होता. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरही आहे आणि शेजारी औद्योगिक वसाहत आहे. राहते घर, गोठा, गोदाम, महामार्गालगतचे गॅरेज, कारखान्याची शेड असे छपरांचे सगळे प्रकार अशा गावात काही किलोमीटरच्या आत सापडतात. म्हणूनच ॲस्बेस्टॉसच्या पाहणीबद्दल बोलायला असे गाव मला महानगरापेक्षा योग्य वाटते.

सिमेंटच्या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतो. हे खनिज कापसासारखे पिंजले जाते. त्याचे तंतू सिमेंटला धरून ठेवतात आणि पत्र्याला बळकटी देतात. भारतात आज वापरला जातो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल. आपल्याकडे नव्या खाणपट्ट्यांना १९८६ पासून परवानगी मिळत नाही, तरी आयात चालूच आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांत आपण आहोत. तंतू इतके बारीक असतात की हवेत तरंगताना डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे खोल गेलेले तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणारे ठरवले आहेत. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, बीजकोशाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा आणि फुप्फुस कडक करत नेणारा ॲस्बेस्टॉसिस, हे सगळे त्याच्या खात्यावर आहेत. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. नेपाळनेही २०१५ मध्ये घातली. आपल्याकडेही बंदी यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पण उद्या बंदी आली तरी काल बसवलेला पत्रा छपरावरच राहणार आहे. त्याचे काय करायचे, हा प्रश्न बंदीच्या वादात हरवतो. त्याचे पहिले उत्तर पत्रा उतरवणे हे नाही. कुठे काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे हे लिहून काढणे, हे आहे.

असे का, याचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. तिथे निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ मध्ये, पांढरा १९९९ मध्ये बंद झाला. तरीही ॲस्बेस्टॉसमुळे होणारे मृत्यू तिथे आजही वर्षाला सुमारे पाच हजार मोजले जातात. मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा सर्वाधिक धोक्याच्या गटांत केवळ कारखान्यातले कामगार निघाले नाहीत. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन निघाले. वयाच्या तिशीआधी दहा वर्षांहून जास्त सुतारकाम केलेल्या, १९४० च्या दशकात जन्मलेल्या पुरुषांपैकी साधारण सतरात एकाला हा आजार होणार, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे ॲस्बेस्टॉस बनवत नव्हती. ॲस्बेस्टॉस असलेला बोर्ड ती कापत होती, त्याला भोके पाडत होती, आणि आपण काय कापतो आहोत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून तिथल्या २०१२ च्या नियमांनी घरगुती वापर सोडून इतर इमारतींच्या जबाबदार व्यक्तीवर कर्तव्य टाकले: ॲस्बेस्टॉस शोधा, त्याची जागा आणि अवस्था नोंदवा, नोंद ताजी ठेवा आणि काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा. त्यासाठी पाहणीचे दोन प्रकार आहेत. रोजच्या वापरातल्या इमारतीसाठी एक, फारशी तोडफोड न करता केलेली. आणि दुरुस्तीच्या किंवा पाडकामाच्या आधी दुसरी, भिंती-छताच्या आत शिरून केलेली.

हे नरडाण्यात आणायचे तर काही गोष्टी नव्याने विचारात घ्याव्या लागतील. ब्रिटनमधला सर्वेक्षक इमारतीचे वर्ष विचारतो. २००० नंतरची असेल तर त्याची चिंता बरीचशी मिटते. आपल्याकडे ही सोय नाही, कारण गेल्या वर्षी बसवलेला पत्राही ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. दुसरीकडे, ॲस्बेस्टॉस नसलेले तंतू-सिमेंटचे पत्रेही बाजारात आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. तो कळतो प्रयोगशाळेत, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली. प्रत्येक गोठ्याचा नमुना पाठवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. नियम साधा ठेवावा: बिल किंवा छाप पाहून उलटे सिद्ध होत नाही, तोवर सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा धरावा. नमुना घ्यावा तो शाळेसारख्या, अंगणवाडीसारख्या ठिकाणी, जिथे निर्णय मोठा असेल. आणि पत्र्यावर थांबू नये. पाणीयोजनांच्या जुन्या एसी (ॲस्बेस्टॉस-सिमेंट) पाइपात हेच मिश्रण असते, तेल गिरणीच्या जुन्या बॉयलरवरच्या आच्छादनात आणि दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. बॉयलरवरचा हा माल पत्र्यापेक्षा घातक, कारण तो सिमेंटमध्ये बांधलेला नसतो, बोटाने चुरगळतो. महामार्गालगतच्या गॅरेजात ट्रकच्या ब्रेक-लायनरची धूळ हवेच्या पाइपने फुंकून काढायची पद्धत आहे. लायनर ॲस्बेस्टॉसचे असतील तर ती फुंकर थेट मेकॅनिकच्या छातीत जाते. आज आपली मोजणी किती ढोबळ आहे पाहा: २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे सोळा टक्के घरांचे छप्पर ‘जीआय, धातू किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे’ या एकाच रकान्यात टाकले गेले. लोखंड आणि ॲस्बेस्टॉस एकत्र मोजल्यावर त्या आकड्याचा आरोग्यासाठी काही उपयोग उरत नाही.

यावर पहिला आक्षेप उत्पादकांचा असतो, आणि तो पूर्ण खोटा नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले आहेत, अखंड पत्र्याखाली राहणाऱ्याला धोका नाही, असे ते म्हणतात. अखंड, न हाताळलेला पत्रा फार थोडे तंतू सोडतो हे मान्य करायला हवे. म्हणूनच पत्रे सरसकट उतरवा असे मी म्हणत नाही. पण पत्रा अखंड राहतो किती दिवस? ऊन-पावसाने त्याचे वरचे सिमेंट झिजते आणि तंतू उघडे पडतात, वळवाच्या वादळात कडा फुटतात, आणि बसवताना ग्राइंडर लावला तर पहिल्याच दिवशी धुळीचा लोट उठतो. सिमेंटमध्ये बांधलेला माल निरुपद्रवी असता तर नेदरलँड्समधल्या गोर गावाची कहाणी घडली नसती. तिथल्या पत्र्याच्या कारखान्याने टाकाऊ माल आसपासच्या शेतकऱ्यांना दिला. लोकांनी तो रस्त्यांवर आणि अंगणात पसरला. पुढे त्या परिसरात कारखान्याची पायरीही न चढलेल्या स्त्रियांमध्ये मेसोथेलिओमा आढळला आणि त्याचा संबंध त्या अंगणांशी जोडला गेला. इटलीतल्या कासाले मोनफेर्रातो शहरात १९०७ ते १९८६ चाललेल्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या कारखान्याने कामगारांबरोबर सामान्य रहिवाशांचेही मोठ्या संख्येने बळी घेतले. आपल्याकडे फुटक्या पत्र्याचे तुकडे खड्ड्यात भर म्हणून किंवा वाटेवर दाबून टाकले जातात, तेव्हा आपण गोरचीच चूक करत असतो.

दुसरा आक्षेप गावातला: आमच्याकडे कोणाला काही झालेले नाही. हे आजार संपर्कानंतर वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. तिशीत पत्रे कापणारा माणूस साठीत धापा टाकतो, तेव्हा कोणी त्याला तरुणपणीच्या कामाबद्दल विचारत नाही. दमा म्हणतात, क्षय म्हणतात. शोधले की सापडते. मुंबईत घाटकोपरच्या ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या गिरणीतल्या कामगारांची डॉक्टरांनी पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा सुमारे एकपंचमांश जणांत ॲस्बेस्टॉसिस आढळला. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य जगण्याच्या हक्काचा भाग मानले आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे, किंवा काम सोडल्यानंतर पंधरा वर्षे, यांतली उशिराची मुदत येईपर्यंत जपायला सांगितले. आजाराला उशीर लागतो म्हणून नोंद लांब टिकली पाहिजे, हे तत्त्व त्यातून मिळाले. कामगाराच्या छातीसाठी ते मान्य झाले, मग छपरासाठी का नको?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोच सर्वांत प्रामाणिक आहे. ज्याच्या डोक्यावर दुसरे छप्पर नाही त्याला सर्वेक्षणाची चैन कशी परवडेल? पण सुरक्षित व्यवस्थापनाचा बराचसा भाग काही करण्यात नाही, न करण्यात आहे. पत्र्याला ग्राइंडर लावू नये. भोक पाडायचेच तर पाणी मारून हाताच्या ड्रिलने पाडावे. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोराचा फवारा वापरू नये. पडलेला भुगा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट पिशवीत बंद करावा. तडा नसलेला पत्रा रंगाचा थर देऊन आणखी वर्षे ठेवता येतो. छपरावर थेट पाय देऊ नये, फळ्या टाकाव्यात. जुना पत्रा ठिसूळ असतो आणि त्यातून कोसळून माणसे मरतात, तो धोका तर वीस वर्षेही थांबत नाही. उतरवायची वेळ आलीच तर आधी भिजवावा, बोल्ट सोडून अख्खा खाली घ्यावा, फेकू नये, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर लिहावे. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही. बारीक धुळीसाठीचा, चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क लागतो. कामाचे कपडे घरी नेऊन बायकोने झटकून धुणे, हा घरात धूळ आणण्याचा जुना आणि सिद्ध झालेला मार्ग आहे.

खरी अडचण याच्या पुढची आहे. गुंडाळलेला पत्रा न्यायचा कुठे? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस आहे, पण तो ॲस्बेस्टॉसच्या उत्पादनाच्या सदराखाली. शेतकऱ्याच्या गोठ्यावरचे पाच पत्रे त्या चौकटीत नीट बसत नाहीत. आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत जागा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे, म्हणजे खान्देशापासून लांब. एकट्या माणसाने तिथवर माल न्यावा ही अपेक्षा फोल आहे. म्हणून तो पत्रा दुसऱ्याच्या गोठ्यावर जातो, कुंपण होतो, शेवटी चुरा होतो. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा घातक कचरा उचलण्याची व्यवस्था असतेच. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच फेरीला गावातला गुंडाळलेला पत्रा जोडून दिला, तर वाहतुकीचा भार एकट्या कुटुंबावर पडणार नाही. हे मंडळाच्या आणि जिल्हा परिषदेच्या हातात आहे, आणि त्यांनी ते करायला हवे.

नोंदीची सुरुवात मात्र गावाला उद्याही करता येईल. ग्रामपंचायतीकडे घरांच्या आकारणीची नोंदवही, नमुना ८, आहेच. त्यात छपराच्या पत्र्याचा प्रकार, अंदाजे वर्ष आणि अवस्था असे तीन रकाने जोडावेत. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि बाजारातली शेड आधी घ्यावी. फुटलेल्या कडा, कापल्याची भोके, खाली मुलांचा वावर, या क्रमाने दुरुस्ती ठरवावी. कोणत्याही सरकारी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासोबत या नोंदीचा उतारा लावल्याशिवाय ठेकेदाराला काम सुरू करू देऊ नये, आणि तो उतारा छपरावर चढणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. वळवाचा पहिला वारा सुटण्याआधी शाळेच्या छपराची तरी नोंद पूर्ण करा.