स्तनशस्त्रक्रियेनंतर घागर कधी उचलायची?

फेब्रुवारी २०१८मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात स्तनांवरच्या सौंदर्यशस्त्रक्रिया मोफत करण्याची घोषणा झाली आणि देशभर वाद पेटला. सरकारी तिजोरीतून असली चैन कशाला, असा आक्षेप आला. तामिळनाडूचे तेव्हाचे आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांचं म्हणणं होतं की गरिबांनाच ही सोय का नसावी. सरकारने ती दिली नाही तर लोक कर्ज काढतील किंवा धोक्याच्या वाटेला जातील. मला हे पटतं. अवजड स्तनांनी मान, खांदे आणि पाठ वर्षानुवर्षं दुखत असेल, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्या असतील, तर त्या बाईच्या शस्त्रक्रियेला चैन म्हणणं अन्यायाचं आहे.

पण शस्त्रक्रिया व्हावी की नाही, इथेच चर्चा संपली. त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल, म्हणजे शरीर पुन्हा कामाला आणि व्यायामाला कधी लावायचं याबद्दल, फार कमी बोललं गेलं. जी माहिती मिळते ती बहुतेक जिमला जाणाऱ्या बाईला समोर ठेवून लिहिलेली असते. ट्रेडमिल कधी, डंबेल्स कधी, पुशअप्स कधी. आता कुंभकोणमजवळचं पट्टीश्वरम् डोळ्यांसमोर आणा. धेनुपुरीश्वराच्या आणि दुर्गेच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव एकेकाळी तंजावरच्या मराठी राजांच्या राज्यात होतं. भोवती कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती. तिथली बाई तीनेकशे किलोमीटरवरच्या चेन्नईहून शस्त्रक्रिया करून घरी आली, तर तिला डंबेल्सचा हिशेब काय कामाचा? तिचा प्रश्न घागरीचा आहे, कोलमची रांगोळी घालायला वाकण्याचा आहे, भातलावणीचा आहे, कडेवरच्या मुलाचा आहे. सांगलीतल्या किंवा बेळगावातल्या बाईचाही थोड्याफार फरकाने तोच असतो.

म्हणून आधी आत काय घडतं ते पाहू, मग आठवड्यांचे आकडे आपोआप कळतील.

स्तनात स्नायू नसतो. दूधग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतुमय पडदे एवढाच त्याचा पसारा. या पडद्यांना कूपरचे बंध म्हणतात. तंजावरात दुसरे सरफोजीराजे धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था चालवत होते, त्याच काळातले लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी त्यांचं वर्णन करून ठेवलं. स्तनाच्या मागे बरगड्यांवर छातीचा मोठा स्नायू पसरलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक दंडाच्या हाडाला जोडलेलं असतं. मला वाटतं, सगळ्या पथ्याचं मर्म या एका जोडणीत आहे. हाताने काहीही ढकललं, ओढलं, उचललं की शस्त्रक्रियेची जागा मागून हलते. बाईला वाटतं आपण छातीला हातही लावला नाही; पण तिने जड दार ढकललेलं असतं.

स्तन मोठे करताना सिलिकॉनचं इम्प्लांट या स्नायूच्या वर किंवा खाली बसवतात. (पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन इथे बसवलं गेलं.) शरीर त्याच्याभोवती स्वतःचं पातळ आवरण विणतं, त्याला काही आठवडे लागतात. तोवर इम्प्लांट जागेवर पक्कं झालेलं नसतं. ते स्नायूखाली असेल आणि बाई लवकर जोर लावू लागली, तर स्नायू आवळताना त्याला बाजूला किंवा खाली सरकवू शकतो. म्हणून स्नायूखालच्या इम्प्लांटचं पथ्य जास्त लांबतं. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत ही अडचण नाही, पण तिथे टाके लांबलचक असतात: बहुतेकदा स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या घडीतून आडवे. उभी आणि आडवी रेघ मिळते त्या कोपऱ्यावर सर्वांत जास्त ताण येतो आणि जखम उकललीच तर तिथेच उकलते.

जखम वरून मिटलेली दिसली म्हणजे आतून भरली, असं नाही. तीन आठवड्यांनी तिथल्या त्वचेची ताकद मूळच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, सहा आठवड्यांनी साधारण निम्मी आणि तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. सहा आठवड्यांची मर्यादा डॉक्टर सांगतात तिच्यामागे हे गणित आहे. आणि दुखणं तर त्याच्या कितीतरी आधी थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाईला अगदी बरं वाटू लागतं, घरच्यांनाही ती बरी दिसते, आणि नेमकी तेव्हाच ती कामाला लागते. हा काळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. घरातल्या घरात थोडं थोडं, दिवसातून अनेकदा चाललं की तो धोका कमी होतो. आठवडाभराने देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर सपाट दगडावरून, उन्हं उतरल्यावर सावकाश चालावं. पट्टीश्वरम्‌सारख्या गावात याहून चांगली जागा शोधायला नको. धाप लागेल असं मात्र काही नको. नाडी आणि रक्तदाब चढला की नुकत्या बंद केलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहू शकतात आणि आत रक्त साकळतं. हे बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण नंतरही होऊ शकतं.

आता घागर. तमिळ घरांतली प्लास्टिकची घागर सहज पंधरा लिटरची, म्हणजे पाण्याने भरल्यावर पंधरा किलोंची. पहिल्या काही आठवड्यांत दोन-चार किलोंपेक्षा जास्त उचलू नका, असं बहुतेक शल्यविशारद सांगतात. म्हणजे घागर नाही, धुण्याची बादली नाही, तांदळाची पिशवी नाही आणि वर्षाच्या मुलालाही उचलायचं नाही. बसून मांडीवर घ्यायचं. नारळ खवणं, कणीक तिंबणं, कपडे पिळणं यांत वजन नसतं, पण छातीचा स्नायू चांगलाच राबतो. स्कूटर साधारण दोन आठवड्यांनी, आणि तीही अचानक ब्रेक दाबताना कळ येत नसेल तरच. रेल्वेने परतताना वरचा बर्थ नको, कारण वर चढताना सगळं अंग हातांवर ओढून घ्यावं लागतं. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर ‘जड काम टाळा’ एवढंच लिहून भागत नाही. घागर, बादली, मूल, स्कूटर, शेत अशी एकेक गोष्ट आणि तिच्यापुढे आठवडा, असं रुग्णाच्या भाषेत लिहायला हवं. आणि हे घरातल्या पुरुषांसमोर वाचून दाखवायला हवं.

व्यायाम म्हटलं की मराठी घरात पहिला सूर्यनमस्कार आठवतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याचा प्रसार केला तेव्हापासून तो आपल्याला बिनसाधनाचा, म्हणून हलका व्यायाम वाटतो. या शस्त्रक्रियेनंतर तो शेवटी करायच्या व्यायामांत मोडतो. हात वर ताणले की टाक्यांवर ओढ, खाली वाकलं की छातीकडे रक्ताचा दाब, पुढे सगळं अंग तळहातांवर, साष्टांगात छाती थेट जमिनीवर आणि भुजंगासनात पुढची त्वचा पुरती ताणलेली. स्तन लहान केले असतील तर सहा आठवड्यांनंतर, इम्प्लांट स्नायूखाली असेल तर दोन ते तीन महिन्यांनंतर, तेही डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर. मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मा याच रांगेत. फुगडीत दोघी एकमेकींना हातांनी ओढतात आणि वर उड्या असतात. आषाढात शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या श्रावणात बसून गाणी म्हणावीत.

पायांचे व्यायाम आणि स्थिर सायकल साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून चालतात. धावणं आणि दोरीच्या उड्या सहा आठवड्यांनंतर, कारण धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिन्ही दिशांना हलतात. पोहणंही जखम पूर्ण मिटल्यावरच. कुंभकोणम परिसरात हे विशेष सांगायला हवं; बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमला, पुढच्या वेळी २०२८मध्ये, लाखो माणसं तिथल्या तळ्यात बुडी मारतील. ओल्या जखमेने तळ्यात किंवा नदीत उतरणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण.

एका बाजूला अचानक सूज आली, ताप, लाली किंवा पू दिसला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कधीकधी विजेसारखी चमक येते, ती बहुधा जाग्या होणाऱ्या नसांची असते, तिने घाबरू नये. काही भाग मात्र महिनोन्‌महिने बधिर राहतो. तिथे गरम पाण्याच्या पिशवीने चटका बसला किंवा ब्रा घासून कातडी सोलली तरी कळत नाही, म्हणून व्यायामानंतर आरशात पाहायची सवय लावावी.

हे सगळं पथ्य पाळून मिळतं काय, याचं उत्तर रोमानियाच्या टेनिसपटू सिमोना हालेपकडे आहे. २००९मध्ये, सतराव्या वर्षी, तिने स्तन लहान करून घेतले. चेंडूवर झेपावताना ते आड येत होते, पाठ दुखत होती. खेळाडू नसते तरी हे केलंच असतं, असंही तिने सांगितलं. २०१७मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली, २०१८मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९मध्ये विम्बल्डन जिंकली. वेदनेमुळे ज्या बायकांनी चालणंसुद्धा सोडलेलं असतं, त्यांना शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा व्यायाम करावासा वाटतो. तो त्यांना मनसोक्त करता यावा, एवढ्यासाठीच सुरुवातीच्या आठवड्यांचा हा काटेकोरपणा.

ब्राचं तेवढं राहिलं. पहिले सहा आठवडे रात्रंदिवस, तार नसलेली, पुढून उघडणारी, घट्ट पण न काचणारी ब्रा वापरायला सांगतात. पुढून उघडणारी अशासाठी की डोक्यावरून ओढून घालताना हात वर ताणावे लागतात. धावण्यासाठीची स्पोर्ट्स ब्रा १९७७मध्ये अमेरिकेतल्या तीन बायकांनी स्वतःची गरज म्हणून शिवली. आता ती कुंभकोणमच्या बाजारातही मिळेल. मात्र सूज ओसरेपर्यंत माप बदलत राहतं. महागाची ब्रा घ्यायची तर तीन महिन्यांनी, नव्याने माप देऊन घ्यावी, आणि दुकानात दोन उड्या मारून पाहायला लाजू नये.