चिनी मुळी आणि रेशनचा गहू

जुन्या जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालं की तासाभराच्या आत बुलढाणा जिल्हा लागतो. याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरअखेरीस लोकांच्या केसांचे पुंजके हातात येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल पडलं. कुणी पाण्याला बोल लावला, कुणी शाम्पूला. केस गळू लागले की असे तर्क लढवले जातात, तसेच चिनी काढ्यासारखे उपायही शोधले जातात. त्याभोवतीचे हे काही गैरसमज.

गैरसमज : शरीराचा जोम ओसरला की केस जातात, चिनी काढ्यानं तो भरून काढता येतो.

वस्तुस्थिती : चिनी वैद्यक केसांचा संबंध रक्त आणि मूत्रपिंडातल्या सत्त्वाशी जोडतं. पण खुद्द चीनच्या हुबेई प्रांतात, एन्शी भागात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांचे केस आणि नखं गळाली, ती सेलेनियमच्या विषबाधेनं. तिथल्या दगडी कोळशातलं सेलेनियम मातीत आणि मातीतून धान्यात उतरलं होतं. शेगावच्या बाबतीतही मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी सेलेनियमवरच बोट ठेवलं. रेशनच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट असल्याचं त्यांनी सांगितलं. रुग्णांच्या शरीरात जस्त मात्र कमी होतं. अशा वेळी इलाज ताटातला गहू बदलण्यापासून सुरू होतो.

गैरसमज : चिनी असली तरी मुळी ती मुळी, माक्यासारखीच निरुपद्रवी.

वस्तुस्थिती : केस काळे आणि दाट करणारी मुळी म्हणून 'हो शौ वू' चीनमध्ये प्रसिद्ध आहे. काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून ती वापरतात. मात्र तिनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २००६ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी इशारा दिला. २०१४ मध्ये चीननंही आरोग्यपूरक पदार्थांतल्या तिच्या प्रमाणावर मर्यादा घातली.

गैरसमज : काढा घेतला आणि केस आले, म्हणजे गुण काढ्याचाच.

वस्तुस्थिती : टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप परततात. चाईसुद्धा कधी कधी औषधाविना भरून येते. नेमक्या त्याच काळात जे घेतलं, त्याला श्रेय मिळतं. आनुवंशिक टक्कल मात्र असं आपोआप भरत नाही. त्यावर मिनॉक्सिडिलसारख्या औषधांचा उपयोग चाचण्यांतून दिसला आहे.

केस अचानक गळू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाला अलीकडचा ताप, बाळंतपण, नखांतले बदल आणि घेत असलेला प्रत्येक काढा सांगावा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. चिनी मुळी घेताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ती लगेच थांबवून दवाखाना गाठावा.