सिग्नलला गप्प बसणारी गाडी

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि इंजिन बंद झाले. ही दचकून म्हणाली, "बंद पडली की काय हो?" माझाही हात सवयीने किल्लीकडे गेला, पण या गाडीला किल्ली फिरवायची जागाच नाही, बटण आहे. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. घाबरत पाय दाबला, तर गाडी चकार शब्द न काढता सरकली आणि चौक ओलांडल्यावर इंजिन सावकाश जागे झाले.

ही २०२३ मधली गोष्ट. मी निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि आयुष्यातली बहुधा शेवटची गाडी घेतली होती, ती हायब्रिड. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात; ही मात्र दोन्ही घरी जेवते. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर. हळू चालीला मोटर, वेग वाढला की इंजिन, चढ लागला की दोघे मिळून. ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. भिंतीतल्या प्लगला लावण्याची गरज नाही, सोयही नाही. बॅटरी तशी इवलीशी, एक युनिट वीजही तिच्यात मावत नाही. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रियस' विक्रीला आली, तेव्हापासून हा संसार चालू आहे.

पूर्ण विजेची का नाही घेतली? आमची सोसायटी जुनी, पार्किंग मीटरच्या खोलीपासून लांब, आणि चार्जरचा विषय समितीच्या प्रत्येक सभेत 'पुढील बैठकीत' जातो. सरकारचा कल मात्र विजेकडे. तिच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के. माझ्यासारख्या मोठ्या हायब्रिडवर तेव्हा उपकरासह ४३ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला.

जन्मभर ऐकत आलो की हायवेला ॲव्हरेज चांगले, शहरात कमी. इथे सगळे उलटे. जुनी पेट्रोल गाडी पुण्यात लिटरला जेमतेम अकरा किलोमीटर जायची, ही बावीस जाते. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने मात्र अठरावर येते, कारण तिथे ब्रेक नाही, म्हणजे फुकटची वीजही नाही. कर्वे रस्त्यावरच्या कोंडीचे कधी आभार मानीन, असे वाटले नव्हते!

पायाची सवयही बदलावी लागली. दुरून, हलका ब्रेक लावला तर वीज परत मिळते. ऐन वेळी दाबला तर ती डिस्कवर घासून जाते. खोपोलीकडे खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी अर्ध्या वाटेतच भरली आणि इंजिन एकदम घोंघावू लागले. माझा जीव खाली-वर झाला. नंतर कळले, साठवायला जागा उरली नाही की मोटर इंजिनला नुसते फिरवते आणि गाडीचा वेग आवरते. पेट्रोल जळत नाही.

फजिती झाली ती वेगळ्याच ठिकाणी. मुलाकडे बंगळुरूला महिनाभर राहून आलो, बटण दाबले, गाडी ढिम्म. वॉचमन आणि दोन पोरे धावत आली, "काका, धक्का मारू?" हिला धक्क्याने सुरू करता येत नाही, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. मोठी बॅटरी ठणठणीत होती. पण तिला जागे करणारी नेहमीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीवरून वायर जोडली, तेव्हा कुठे बाईसाहेब उठल्या. आता गावाला गेलो की मेहुणा आठवड्यातून एकदा येऊन ती चालवून आणतो.

आता पैशांचे. साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा मी साडेतीन लाख जास्त मोजले. महिन्याला नऊशे किलोमीटर धावते, म्हणजे सुमारे एकेचाळीस लिटर वाचतात. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला एक्कावन्न हजार. वसुलीला सात वर्षे. बॅटरीची हमी आठ वर्षांची, तेवढा धीर. हिशेब मुलाला दाखवला, तर तो म्हणाला, "बाबा, तेव्हा तुम्ही सत्तरीला टेकलेले असाल. गाडी तुम्हीच चालवणार आहात ना?" डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, हे त्याला अजून सांगितलेले नाही. म्हणून कोणी "घेऊ का?" विचारले की मी आधी महिन्याचे किलोमीटर विचारतो. तीनशे म्हणाला, तर साधी पेट्रोल घे म्हणतो.

पण झोप उडाली ती पैशांनी नव्हे. एका पहाटे विजेवर गाडी बाहेर काढत होतो. तळमजल्यावरच्या काकू वळणावर पाठमोऱ्या उभ्या, पूजेची फुले तोडत. ऐंशी ओलांडलेल्या, ऐकू कमी, आणि गाडीला आवाजच नाही. दोन हातांवर थांबलो. त्यांना पत्ताही नव्हता. भोंगा वाजवावा तर दचकून पडायच्या. शेवटी खाली उतरून जवळ गेलो.

आता पहाटे काच खाली घेऊनच निघतो आणि वळणाच्या अलीकडे थांबून मोठ्याने हाक मारतो, "काकू, गाडी येतेय हं!" त्या हात वर करतात आणि बाजूला होतात. कधीकधी एक जास्वंद माझ्या हातात देतात.