चाकांवरचे बिऱ्हाड

मोटारीत बिऱ्हाड थाटून देश पाहण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली 'कॅराव्हॅन' पर्यटनाचे धोरण ठरविले. अशा गाड्यांसाठी तळ असावेत व तेथे पाणी, रस्ता, वीज यांची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे, आमची त्याविषयी तक्रार नाही. परंतु ते वाचताना मनात आले की, गाडीत निजणारी, गाडीच्या सावलीत भात शिजविणारी, महिन्यातील वीस-बावीस रात्री गाडीतच काढणारी माणसे या देशात कितीतरी वर्षांपासून आहेत. त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही. मालमोटारीवरचे ड्रायव्हर आणि क्लिनर ते हेच.

श्रोतेहो, आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील कायद्याची पुस्तके उलटून आणि ड्रायव्हर मंडळींच्या शेजारी केबिनमध्ये बसून. तेव्हा या चाकांवरच्या बिऱ्हाडाची रीत मुलखामुलखांत कशी बदलते, एवढेच आज सांगावे म्हणतो. त्यासाठी आमच्या सिरोंच्यापेक्षा सोयीची जागा नाही.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. प्राणहिता येथेच गोदावरीस मिळते आणि थोडे पुढे सोमनूरजवळ इंद्रावतीही तिला मिळते. नदीपलीकडे एका अंगास तेलंगण, दुसऱ्या अंगास छत्तीसगडातील बस्तर. जिल्ह्याचे गाव मात्र जंगलातून दोनशे किलोमीटरांहून दूर. पूर्वी पावसाळ्यात डोंग्यावाचून पैलतीर गाठणे नव्हते. गेल्या पंधरा-एक वर्षांत तिन्ही नद्यांवर पूल झाले आणि तीन मुलखांच्या गाड्या आमच्या गावात एकमेकींशेजारी उभ्या राहू लागल्या. एकाच संध्याकाळी येथे फेरी मारली, तर क्लिनर आपल्या ड्रायव्हरला एका गाडीपाशी 'उस्ताद' म्हणतो, दुसरीपाशी 'भाऊ', तिसरीपाशी 'अन्ना'.

प्रथम घराच्या भिंती पाहू. आपल्या देशात दीर्घकाळ कारखाना नुसती चेसिस विकत असे. इंजिन, चाके व समोरचा भाग एवढेच मिळे, आणि केबिन व हौदा बाहेर सुतार-लोहारांकडून बांधून घ्यावा लागे. त्यामुळे पंजाबात बांधलेली गाडी निराळी, विजयवाड्याच्या ऑटोनगरातील निराळी, तमिळनाडूत नामक्कलकडची आणखी निराळी. कोठे फळी रुंद, कोठे डोक्यावर सामानाचा माळा, कोठे देवाच्या तसबिरीला चांगला हातभर कोनाडा. आता कारखान्यातूनच तयार पोलादी केबिन येते. ती अपघातात अधिक भक्कम, हे आम्ही नाकारीत नाही. पण लाकूड उन्हाने हळू तापते आणि पत्रा लवकर. सिरोंच्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये रात्री निजून पाहावे, म्हणजे जुने ड्रायव्हर लाकडी केबिनची आठवण का काढतात ते कळेल. २०२५ पासून नव्या जड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. तथापि जुन्या गाड्या रस्त्यावर अजून पुष्कळ वर्षे राहणार, आणि इंजिन बंद केले की थंड हवाही बंद होते. उभ्या गाडीचे डिझेल कोणाच्या खात्यावर पडावे, याचा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे.

आता अंथरूण आणि चूल. उत्तरेकडील ड्रायव्हरचे अर्धे घर ढाब्यावर असते. जेवण घेतले की खाट फुकट, आंघोळीला हौदाचे पाणी, गाडीवर ढाबेवाल्याची नजर. भाड्याची पावती नाही, पण हिशेब चोख आहे: रोटी-डाळीच्या पैशांतच खाटेचे पैसे आले. तेलंगणाकडचा गडी भात खाणारा. दोन्ही वेळा रोटीवर त्याचे भागत नाही. म्हणून त्या बाजूच्या लॉऱ्यांतून स्टोव्ह, पातेले, तांदळाची पिशवी आणि पच्चडीची बरणी पुष्कळदा आढळते. झाड आणि पाणी दिसले की गाडी थांबवावी, क्लिनरने भात टाकावा, ताडपत्री अंथरून तेथेच आडवे व्हावे. यात पैसा वाचतो, परंतु एका माणसाची विश्रांती जाते, आणि तो माणूस नेहमी क्लिनरच असतो.

बस्तरच्या वाटेवर दोन्हींची सोय तुटपुंजी. गावे विरळ, ढाबे त्याहून विरळ. नक्षलवादी हिंसेमुळे कित्येक वर्षे या भागात सूर्यास्तानंतर गाडी हाकू नये असा अलिखित नियमच होता. दिवस मावळण्यापूर्वी ठाणे किंवा मोठे गाव गाठायचे, पाच-सहा गाड्या एकमेकींना खेटून लावायच्या आणि काचा चढवून झोपायचे. काचा उघडाव्या तर डास आणि हिवताप, लावाव्या तर घामाच्या धारा. आमच्या आलापल्लीच्या जंगलवाटेवरही हेच. बांबूच्या, सागाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या गाडीला वाहतूक परवाना लागतो. नाक्यावर कागद तपासून होईपर्यंत थांबणे आले, आणि तेथे प्यायचे पाणी असेलच असे नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात सिरोंच्याच्या उत्तरेस नाल्याला पूर आला आणि आमच्या एका सभासदाची गाडी चार दिवस अडकली. मागे नाला, पुढे नाला. बरोबरचा क्लिनर सतरा-अठरा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. ड्रायव्हरने त्याला केबिनच्या फळीवर निजविले, स्वतः तीन रात्री सीटवर बसून काढल्या. जवळच्या पाड्यावरील एका आजीने पेज आणून दिली. पाणी उतरल्यावर पोराला दवाखान्यात नेले आणि तो वाचला. महिनाअखेर हिशेब झाला तेव्हा मालकाच्या मुनीमाने त्या चार दिवसांपुढे लिहिले, 'गाडी उभी', आणि भत्ता कापला. आम्ही विचारण्यास गेलो, तर तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी चालली नाही तर काम कसले?"

मुनीम दुष्ट नव्हता. त्याने मनातून काढलेली ही कल्पनाही नव्हे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले, पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विसावणूक दिली, रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतिगृहे असावीत असेही सांगितले. पण 'कामाचे तास' या शब्दांची व्याख्या करताना त्याच कायद्याने अखेरच्या थांब्यावरील नुसत्या हजेरीचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच तासांत धरला. चार दिवस नाल्याकाठी गाडी राखणाऱ्या माणसाचे या व्याख्येत नेमके काय होते, यावर आम्ही वकिलांशी बरीच डोकेफोड केली. शिवाय पाच कामगारांहून कमी असलेल्या धंद्यास तो कायदाच लागू नव्हता, आणि आमच्या भागातील बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे. आता तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि जोडीदाराला पाय पसरून झोपता येईल अशी आडवी सीट हवी, असा नियम पूर्वी होता. दोन ड्रायव्हरांची सक्ती २०१८ साली काढून टाकली. म्हणजे एक जागा असताना दुसरा झोपणार ही व्यवस्था कागदावरूनही गेली. युरोपात उलट झाले. तेथे २०२० च्या नियमाने असे स्पष्ट केले की, पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती ड्रायव्हरने केबिनमध्ये घ्यायची नाही आणि निवाऱ्याचा खर्च मालकाने सोसायचा. आपल्याकडे तो खर्च उत्तरेत ढाबेवाला उचलतो, दक्षिणेत क्लिनर आपल्या झोपेतून उचलतो आणि जंगलात पाड्यावरची आजी उचलते. मालकाचे नाव या यादीत आम्हांस अजून सापडलेले नाही.

त्या चार दिवसांपैकी दोन दिवसांचा भत्ता पुढे भांडून मिळाला, तोही ड्रायव्हरने सिगारेटच्या पाकिटामागे तारखा टिपून ठेवल्या होत्या म्हणून. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सभासदाला एक लहान वही देतो. तिच्यात रकाने पाच: गाडी थांबली ती जागा, थांबल्याची वेळ, सुटल्याची वेळ, कोणाच्या सांगण्यावरून थांबली, आणि रात्री कोठे निजलो. पहिले चार रकाने मंडळी बिनचूक भरतात. पाचव्यात बहुतेक पानांवर एकच शब्द असतो, 'गाडीत'.