एका प्याल्याचा फेरविचार

अमेरिकेत ‘गॅलप’ ही संस्था १९३९ पासून लोकांना विचारत आली आहे, की तुम्ही दारू घेता का? ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत ५४ टक्के प्रौढांनी ‘हो’ म्हटले. इतका खालचा आकडा गॅलपच्या दप्तरात याआधी नव्हता. दोनच वर्षांपूर्वी तो ६२ होता. सत्तरच्या दशकात तर ७१वर गेला होता.

महागाईकडे बोट दाखवले जाते, गांजाला मिळालेल्या कायदेशीर मोकळिकीकडेही. पण गॅलपच्याच नोंदींत गांजा ओढणारे अलीकडे फारसे वाढलेले नाहीत. खरी पडझड झाली आहे ती ‘थोडी घेतलेली बरी’ या समजुतीची. रोज एकदोन पेले घेणेही प्रकृतीला वाईट, असे मानणारे २०१८ मध्ये २८ टक्के होते, आता ५३ आहेत. तरुणांत तर दोन तृतीयांश. गडकऱ्यांच्या नाटकातल्या सुधाकराला ज्या ‘एकाच’ प्याल्याने बुडवले, त्याच प्याल्यावर अमेरिकेत फेरविचार चालू आहे म्हणायचा.

‘थोडी घेतलेली बरी’ ही समजूत रुजवली कुणी? १९९१ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने सांगितले, की फ्रेंच माणूस लोणी-चीज चापूनही हृदयविकारापासून बचावतो आणि याचे श्रेय बहुधा रेड वाइनला. मग काय, अमेरिकेत रेड वाइनचा खप उसळला! मात्र अशा निष्कर्षांमागच्या अनेक अभ्यासांत एक गोम होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात. त्यांच्या शेजारी उभा केला की रोज पेला घेणारा ठणठणीतच दिसणार. ही चूक २००६ मध्ये के फिलमोर, टिम स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी दाखवून दिली.

कर्करोगाचा धोका तर त्याआधीच ठाऊक होता. दारूचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारक ठरवले होते. पण ही गोष्ट सामान्य माणसाच्या कानावर ठळकपणे पडली ती फार उशिरा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बाटलीवर तसा इशारा छापा, अशी शिफारस केली.

सरकारला मात्र मद्यपानाची ही ओहोटी नेहमीच रुचते असे नाही. तरुण पीत नाहीत, करही बुडतो, म्हणून जपानच्या कर खात्याने २०२२ मध्ये ‘साके विवा’ नावाची स्पर्धा घेतली: तरुणांनी प्यावी यासाठी कल्पना सुचवा!

तरी हुरळून जाऊ नये. पाहणीत लोक सांगतात तेवढेच मोजले जाते. शिवाय कधीमधी घेणाऱ्याने पेला खाली ठेवणे सोपे. व्यसनात अडकलेल्याला बातमी वाचून दारू सुटत नाही. २०२०-२१ या काळात अमेरिकेत अतिमद्यपानाने वर्षाला सुमारे १ लाख ७८ हजार माणसे दगावल्याचा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.